जुन्या गाडीला ओव्हरड्राइव्ह: वाचकांचे प्रश्न

जुन्या गाडीत पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवण्याबद्दल या वेळी इतकी पत्रं आली, की हे सदर पूर्ण त्याच विषयाला दिलं आहे. बहुतेकांचा प्रश्न एकच: कुठला बॉक्स चांगला? आमचं सांगणं असं, की आपल्या गाडीचा एक्सल, चाक आणि इंजिन यांचे आकडे कागदावर आल्याशिवाय कुठल्याच बॉक्सला हात लावू नका. ओव्हरड्राइव्ह म्हणजे ज्यात प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची फिरकी मागच्या एक्सलला पोचवणारा लांब शाफ्ट) इंजिनापेक्षा जास्त वेगानं फिरतो असा गिअर; त्याचा रेशो (शाफ्टच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या) १ पेक्षा कमी असतो. तो किती कमी हवा, हे गाडी ठरवते, भंगारवाला नाही.

प्रश्न : माझ्याकडे १९७४ची अ‍ॅम्बॅसेडर आहे. मूळ १४८९ सीसी इंजिन, चार गिअर, गिअरची दांडी स्टिअरिंगखाली. पुण्याच्या रस्त्याला ८० च्या पुढे गेलं की इंजिन ओरडायला लागतं. इसुझू इंजिनवाल्या अ‍ॅम्बॅसेडरचा पाच गिअरचा बॉक्स स्वस्तात मिळतोय. घेऊन टाकू का? (राजारामपुरी)

घेण्याआधी तीन मोजमापं करा.

पहिलं, चाक. मागच्या टायरमध्ये रोजची हवा भरा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलून चाकाची एक पूर्ण फेरी होऊ द्या आणि अंतर मोजा. १५ इंची रिमवरच्या टायरला ते साधारण २ मीटर भरतं. दुसरं, एक्सलचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेरीला प्रॉपेलर शाफ्टच्या किती फेऱ्या. एक्सलचं हाउसिंग उघडलेलं असेल तर क्राउन आणि पिनियनचे, म्हणजे आतल्या मोठ्या आणि छोट्या गिअरचे, दात मोजा. ९ आणि ४१ दातांची जोडी असेल तर रेशो ४.५५, १० आणि ४३ असेल तर ४.३. उघडायचं नसेल तर मागची दोन्ही चाकं उचला, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि दोन्ही चाकं सारखीच एकेक पूर्ण फेरी फिरवून प्रॉपेलर शाफ्टच्या फेऱ्या मोजा. एकच चाक फिरवलं तर डिफरन्शियलमुळे आकडा अर्धा येतो; इथं पुष्कळजण चुकतात. अचूकतेसाठी दहा फेऱ्या फिरवा आणि दहानं भागा.

तिसरं, मिळणाऱ्या बॉक्सचे रेशो. तोंडी सांगितलेल्या आकड्यांवर जाऊ नका. बॉक्स बाकावर ठेवा, पाचवा गिअर टाका, इनपुट शाफ्ट १० वेळा फिरवा आणि आउटपुटच्या फेऱ्या मोजा. आउटपुट १२ वेळा फिरला तर रेशो १० भागिले १२, म्हणजे ०.८३. पहिल्या गिअरलाही असंच करा.

आता हिशोब. ताशी ९० किमी म्हणजे मिनिटाला १५०० मीटर. चाकाच्या फेरीला २ मीटर धरले तर चाक मिनिटाला ७५० वेळा फिरतं. त्याला ४.५५ नं गुणलं की टॉप गिअरमध्ये (चौथा, रेशो १) इंजिन सुमारे ३४०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३४०० फेऱ्यांवर येतं. पाचवा ०.८३ असेल तर तेच २८३० च्या आसपास उतरतं. या लांब स्ट्रोकच्या इंजिनाला २४०० ते २९०० हा पट्टा मानवतो. ०.७ च्या खालचा पाचवा या इंजिनाला घेऊ नका. सपाटीवर वारा समोरून आला तरी चौथा टाकावा लागेल आणि पाचवा नुसता शोभेला राहील.

पहिला गिअरही तितकाच महत्त्वाचा आहे. मूळ पहिला ३.६४ असेल तर एक्सलसकट १६.६ पट होतो. नव्या बॉक्सचा पहिला ३.२ निघाला तर ते १४.६ वर येतं. पाच माणसं घेऊन पन्हाळ्याच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलताना क्लच जळतो. ४ निघाला तर १८ च्या पुढे जातं आणि गाडी हलली न हलली तोच दुसरा टाकावा लागतो. ३.५ ते ३.७ असेल तर निवांत घ्या.

हा बॉक्स १९९२ पासून आलेल्या १८१७ सीसी इसुझू इंजिनासाठीचा आहे. तुमच्या इंजिनाच्या मागच्या तोंडाला त्याचं बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेच्या आकाराचं आवरण) थेट बसणार नाही, मधे अडॅप्टर प्लेट लागेल. म्हणून बॉक्ससोबत त्याच गाडीचं बेल हाउसिंग, क्लच फोर्क, मागचा माउंट, त्याचा क्रॉसमेंबर (माउंट ज्यावर बसतो तो आडवा भाग), प्रॉपेलर शाफ्टचा पुढचा योक (शाफ्ट जोडणारा दोन फाट्यांचा तुकडा) आणि स्पीडोमीटरची केबल एकदमच मागून घ्या. नंतर एकेक शोधत फिरलात तर स्वस्तातला बॉक्स महागात जातो. गिअरची दांडी खाली येणार, त्यामुळे सलग सीटच्या पुढच्या कडेला ती तिसऱ्या-पाचव्यात आदळते का, हे बॉक्स खाली नुसता टेकवूनच पाहा.

गाडी मुख्यतः शहरात आणि घाटातच फिरत असेल तर दुसरा, कमी खर्चाचा मार्ग आहे: ४.५५ च्या जागी ४.३ ची क्राउन-पिनियन जोडी. ९० ला ३४०० चे ३२२५ होतात. फरक थोडाच पडतो, पण काही कापावं लागत नाही. मात्र तो सगळ्या गिअरमध्ये पडतो, चढावर पहिल्यातही, हे लक्षात असू द्या. पुण्याला महिन्यातून दोनदा जाणाऱ्यानं पाचवाच करावा.

प्रश्न : १९५६ची शेव्हरोले बेल एअर, २३५ घनइंची सहा सिलिंडर, तीन गिअर. एक्सल ३.७० आहे, चाक एका फेरीत २.१३ मीटर जातं. बाहेरून टी-५ (बोर्ग-वॉर्नरचा पाच गिअरचा बॉक्स) मागवायचा विचार आहे. पण टी-५ सुद्धा दहा प्रकारचे दिसतात. शिवाय कोणी टीकेएक्स घ्या म्हणतं. (कागल)

तुम्ही आकडे पाठवलेत, त्यामुळे नेमकं उत्तर देता येतं. ९० ला तुमचं चाक मिनिटाला ७०४ वेळा फिरतं, इंजिन २६०० ला. १९५५ पासून शेव्हरोले कंपनी याच गाड्यांना कारखान्यातून ओव्हरड्राइव्ह देत होती, रेशो ०.७०. पण त्यासोबत एक्सल ४.११ चा द्यायची! म्हणजे ९० ला २०२५ आरपीएम. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनीच ते २००० च्या खाली फार जाऊ दिलं नाही. तुमच्या ३.७० एक्सलवर तेवढाच आकडा यायला पाचवा ०.७३ ते ०.८ हवा.

बोर्ग-वॉर्नर टी-५ चे तुम्हाला दिसणारे प्रकार या कसोटीवर लावून पाहा. फोर्ड मस्टँगच्या १९८५ नंतरच्या व्ही-८ बॉक्सला पहिला ३.३५ आणि पाचवा ०.६८, ९० ला १७७० आरपीएम. चालेल, पण कागलहून निपाणीच्या पुढे तवंदीचा चढ आला की लगेच चौथा. पहिला २.९५ आणि पाचवा ०.७३ असलेला बॉक्स तुम्हाला सगळ्यात जवळचा: ९० ला १९००, आणि तुमच्या मूळ तीन गिअरच्या बॉक्सचा पहिला २.९४ असल्यामुळे गाडी उचलण्याची सवयही बदलत नाही. २.९५ सोबत ०.६३ चाही मिळतो, तो टाळा. १६४० वर हे इंजिन गुदमरतं. एस-१० पिकअपच्या टी-५ चा पहिला ४.०३ आहे. त्याची दांडी बरीच पुढे येते, सलग सीटच्या गाडीला ती सोयीची, म्हणून तो खपतो. पण ३.७० एक्सलवर पहिला जवळजवळ वाया जातो. दांडीच्या सोयीसाठी एस-१० चं मागचं हाउसिंग आणि २.९५ चा गिअरसेट असा जोड करून देणारे आहेत, तो मार्ग खर्चिक पण बरोबर आहे.

बॉक्स घेताना मागच्या हाउसिंगच्या बोल्टखाली १३५२ नं सुरू होणारा पत्र्याचा बिल्ला असतो, त्यावरून रेशो कळतात. बिल्ला नसेल तर वर सांगितल्यासारखं फिरवून मोजा. वर्ल्ड क्लास (टी-५ चा नंतरचा प्रकार) आहे की आधीचा, हे समोरून ओळखता येतं: इनपुट शाफ्टच्या खाली काउंटर शाफ्टच्या जागी बेअरिंगचा स्टीलचा कप दिसला तर वर्ल्ड क्लास, सपाट पत्र्याची टोपी ठोकलेली असेल तर जुना. कॅमेरोमधला बॉक्स आपल्या बेल हाउसिंगसोबत सुमारे १७ अंश तिरका बसतो. सरळ हाउसिंगला लावला की मागचा माउंट आणि दांडी दोन्ही तिरकी होतात. विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत.

इनपुट शाफ्टचे स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरच्या उभ्या खाचा, हेही जुळवायचे आहेत. फोर्डचा १ १/१६ इंची, १० स्प्लाइन. कॅमेरोचा १ १/८ इंची, २६ स्प्लाइन. एस-१० चा १ इंची, १४ स्प्लाइन. क्लच प्लेटचा व्यास आणि अस्तर इंजिनाच्या फ्लायव्हीलप्रमाणे, मधला हब गिअरबॉक्सप्रमाणे. तशी तयार प्लेट न मिळाल्यास चांगल्या क्लच दुरुस्तीवाल्याकडून हब बदलून रिव्हेट करून घ्या आणि बसवण्याआधी प्लेट शाफ्टवर सरकवून डुलते का पाहा.

ट्रेमेकचा टीकेएक्स २०२० मध्ये आला, ६०० पौंड-फूट टॉर्कसाठी. उत्तम बॉक्स आहे, पण तुमच्या इंजिनाचा टॉर्क २१० च्या आसपास. त्यासाठी एवढा पैसा घालू नका.

आणखी एक. १९५५ ते ५७ च्या शेव्हरोलेत इंजिनाचे मागचे माउंट बेल हाउसिंगला असतात, गिअरबॉक्सखाली क्रॉसमेंबर नसतो. लांब आणि जड टी-५ मागे लोंबकळत ठेवलात तर बेल हाउसिंगचे कान तडकतात. बोल्टनं बसणारा क्रॉसमेंबर लावा, वेल्डिंग करू नका. कारण पुढे नोंदणीच्या प्रश्नात आहे. तुमची गाडी १९५४ची असती तर आम्ही टी-५ चा विचारच सोडायला सांगितला असता, कारण तोपर्यंत शेव्हरोलेचा प्रॉपेलर शाफ्ट बंद नळीत असायचा आणि मागचा सगळा एक्सलच बदलावा लागला असता.

जुना कारखान्याचा बोर्ग-वॉर्नर ओव्हरड्राइव्ह मिळाला आणि तोच लावलात तर एक्सलही ४.११ चा करा. आणि आंबा घाट उतरताना डॅशखालची मूठ बाहेर ओढून तो लॉक करायला विसरू नका. मूठ आत असताना कमी वेगाला त्यात फ्रीव्हील चालू असतं; अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडी मोकळी सुटते, इंजिनाचा ब्रेक अजिबात मिळत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली दीड टनाची गाडी त्या उतारावर नुसत्या ब्रेकवर उतरवणं जिवावरचं आहे. ओव्हरड्राइव्ह बसवून देणाऱ्यानं ही मूठ चालकाला हातात धरून दाखवली पाहिजे.

प्रश्न : अडॅप्टर प्लेट शिवाजी उद्यमनगरात करून घेतली. बॉक्स बसला, पण चौथ्या गिअरमधून दांडी आपोआप बाहेर येते आणि क्लच दाबला की खरखर आवाज येतो. गिअरबॉक्स खराब निघाला का? (इचलकरंजी)

बहुधा नाही. प्लेटचा मध्य चुकला आहे. चौथा हा बहुतेक बॉक्समध्ये सरळ गिअर असतो. इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट एकमेकांत अडकून एकच शाफ्ट झाल्यासारखे फिरतात. इनपुट शाफ्टचं पुढचं टोक क्रँकमधल्या पायलट बुशमध्ये (शाफ्टचं टोक धरणाऱ्या छोट्या नळीत) आणि मागचं बॉक्सच्या बेअरिंगमध्ये. ही दोन टोकं एका रेषेत नसतील तर प्रत्येक फेरीला शाफ्ट थोडा वाकडा ओढला जातो, स्लीव्ह (दोन्ही शाफ्ट जोडणारी सरकती कडी) हळूहळू मागे सरकते आणि गिअर सुटतो. पायलट बुश अंडाकृती होतं, तोच खरखराट. असंच चालवलंत तर क्लच प्लेटचा हब तडकतो आणि मग पुढचं बेअरिंग जातं.

बॉक्स उतरवा. बेल हाउसिंग आणि प्लेट इंजिनाला बोल्टनं पूर्ण घट्ट करा. डायल गेजचा चुंबकी पाया फ्लायव्हीलवर ठेवा, टोक बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला लावा. याच भोकात गिअरबॉक्सचा बेअरिंग रिटेनर बसतो. स्पार्क प्लग काढा आणि क्रँक हातानं पूर्ण एक फेरी फिरवा. काट्याचा सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा यांतला फरक ०.१३ मिमी, म्हणजे ०.००५ इंचाच्या आत हवा. मध्य जेवढा सरकलेला असतो त्याच्या दुप्पट गेज दाखवतं. ०.०१४ इंच आलं तर मध्य ०.००७ इंच बाजूला आहे. त्यानंतर गेजचं टोक बॉक्स टेकतो त्या सपाट तोंडावर लावून पुन्हा एक फेरी. तिथंही तीच मर्यादा. तोंड तिरकं असेल तर मध्य बरोबर असूनही गिअर सुटतो.

मध्य थोडाच चुकला असेल तर इंजिनाच्या ब्लॉकमधल्या दोन डॉवेल पिनऐवजी (जागा नेमकी धरणाऱ्या खुंट्यांऐवजी) ऑफसेट, म्हणजे मध्य बाजूला सरकवलेले डॉवेल घालतात. ते ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचाचे तयार मिळतात. आपल्याकडे लेथवर वळवूनही घेता येतील. दोन्ही डॉवेल एकाच दिशेला फिरवून बसवायचे, पुन्हा गेज लावायचं. तोंड तिरकं असेल तर डॉवेल उपयोगाचे नाहीत. प्लेट सरफेस ग्राइंडिंगला द्या. मधे पॅकिंगचा पत्रा घालून भागवू नका.

प्लेट नव्यानं करायची वेळ आली तर क्रम उलटा ठेवा. बहुतेक ठिकाणी आधी इंजिनाचे बोल्ट आणि गिअरबॉक्सचे बोल्ट छापून भोकं पाडतात आणि मध्य त्यांच्यावरून काढतात. बोल्टची भोकं सैल असतात, ती मध्य ठरवायला चालत नाहीत. आधी ब्लॉकमधल्या डॉवेलची भोकं प्लेटवर नेमकी उतरवा, मधलं भोक मुद्दाम लहान ठेवा, प्लेट डॉवेलसकट इंजिनाला बसवा, क्रँकवरच्या गेजनं खरा मध्य शोधा, त्यावर खूण करा आणि मगच व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर) मधलं भोक अंतिम मापाला बोअर करा. रिटेनरच्या व्यासापेक्षा ते ०.०३ ते ०.०५ मिमी मोठं असावं, त्याहून सैल नको. गिअरबॉक्सच्या बाजूलाही दोन डॉवेल घाला. माल ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियम किंवा माइल्ड स्टील, सपाटपणा ०.०५ मिमीच्या आत.

प्लेटची जाडी अंदाजानं ठरवायची नसते. एका कागदावर रेघ ओढून ती इंजिनाचं मागचं तोंड समजा. त्या रेघेपासून पायलट बुशचं तोंड, बुशचा तळ आणि फ्लायव्हीलचं क्लच टेकणारं तोंड किती दूर आहे ते लिहा. मग गिअरबॉक्सच्या तोंडापासून इनपुट शाफ्टचं टोक, स्प्लाइनची सुरुवात आणि शेवट, रिटेनरच्या नळीचं टोक. हे दोन्ही संच बेल हाउसिंगच्या खोलीनं जोडले की जाडी आपोआप निघते. शाफ्टचं टोक बुशमध्ये किमान १२ मिमी शिरलं पाहिजे, पण तळापासून ३ मिमी तरी सुटलं पाहिजे. तळाला टेकलं तर बोल्ट आवळताना शाफ्ट क्रँकला पुढे रेटतो आणि थोड्याच दिवसांत क्रँकचा थ्रस्ट बेअरिंग जातो. इंजिन उघडावं लागतं. बसवताना बुशच्या तळाशी मळलेल्या कणकेची गोळी ठेवून बॉक्स चढवा, काढून गोळीची जाडी मोजा, खात्री पटते. जाड प्लेटमुळे टोक पोचत नसेल तर क्रँकमध्ये पुढे आलेला पायऱ्यांचा बुश घाला. ब्राँझचा बुश घालण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवा, ग्रीस लावू नका, ते त्याची छिद्रं बंद करतं.

आपल्या भागात ओतकाम करणाऱ्यांची कमी नाही, म्हणून काहीजण सरळ नवं बेल हाउसिंगच ओतून घेतात. तीनचार जणांची तीच गाडी असेल तर ते प्लेटपेक्षा चांगलं. लांबी हवी तशी ठेवता येते. एलएम-२५ मिश्रधातू, टी-६ हीट ट्रीटमेंट, आणि दोन्ही तोंडं व मधलं भोक एकाच पकडीत मशिन करायचं. एकदा सोडून पुन्हा धरलं की समांतरपणा गेला.

प्रश्न : माझ्या एमजीबी स्पोर्ट्स गाडीचा लेकॉक कंपनीचा, गिअरबॉक्सच्या मागे बसणारा ओव्हरड्राइव्ह लागतच नाही. युनिट काढायचं म्हटलं तर इंजिनही काढावं लागेल असं फिटर म्हणतो. (सांगली)

युनिटला हात लावण्याआधी वायर पाहा. इग्निशन चालू, इंजिन बंद, गिअर चौथ्यात, ओव्हरड्राइव्हचा स्विच चालू: सोलेनॉइडचा (ओव्हरड्राइव्ह लावणाऱ्या विजेच्या चुंबकाचा) टक आवाज आला पाहिजे. नाही आला तर गिअरबॉक्सवरच्या इनहिबिटर स्विचच्या दोन वायर क्षणभर जोडून पाहा. आला तर दोष त्या स्विचचा, तो फक्त वरच्या गिअरमध्ये जोडला जातो. तरीही आवाज नाही तर वायरिंगचे बुलेट कनेक्टर आणि अर्थिंग. टक येतो पण ओव्हरड्राइव्ह लागत नाही, तर आधी तेलाची पातळी, मग खालचं झाकण काढून जाळी साफ करणं. त्या बॉक्सला आणि युनिटला एकच तेल लागतं, २०डब्ल्यू-५०. घर्षण कमी करणारं कुठलंही अ‍ॅडिटिव्ह त्यात घालू नका. युनिटमधला कोन क्लच घर्षणावरच चालतो.

इनहिबिटर स्विच कायमचा जोडून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना रिव्हर्स टाकला की आतला एकदिशा क्लच फुटतो.

प्रश्न : १९७०च्या सुमाराची महिंद्र सीजे-३बी जीप, हरिकेन पेट्रोल, तीन गिअर. नव्या महिंद्रचा पाच गिअरचा बॉक्स बसवता येईल का? ६० च्या वर चालवणं नको होतं. (गडहिंग्लज)

बसवता येतो, पण या जीपला बसवू नये असं आमचं मत आहे. तिचा व्हीलबेस फक्त ८० इंच आहे. मूळ टी-९० बॉक्स आखूड. पाच गिअरचा लांब बॉक्स आला की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागे सरकते आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट इतका आखूड होतो की उतार-खड्ड्यात क्रॉसचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याचा, कोन सहन होत नाही. मोठ्या व्हीलबेसच्या एमएम-५४० ची गोष्ट वेगळी.

सीजे-३बीला स्पायसर १८ ट्रान्सफर केस आहे आणि तिच्या मागच्या पीटीओच्या (बाहेरचं यंत्र चालवण्यासाठी ताकद घ्यायच्या जागेच्या) झाकणाच्या जागी बसणारा ओव्हरड्राइव्ह मिळतो. पूर्वी वॉर्न बनवायचे, आता सॅटर्न नावानं येतो. रेशो ०.७५. काही कापायचं नाही, शाफ्ट तोच राहतो, आणि तिन्ही गिअरमध्ये चालतो. एक्सल ५.३८, चाकाची फेरी २.२ मीटर धरली तर ताशी ७० ला २८५० आरपीएम येतात ते २१४० होतात. मागवण्याआधी ट्रान्सफर केसच्या इनपुट गिअरचे दात मोजून कळवा, ते सगळ्या जीपना सारखे नसतात. मागचा पीटीओ वापरत असाल तर मात्र दोन्ही एका जागी बसणार नाहीत.

इंजिन शांत झालं तरी ब्रेक आणि स्टिअरिंग त्याच जीपचं आहे. ७० ही तिची मर्यादा समजा. ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याविना रस्त्यावर असतात, तेव्हा त्याहून कमी.

प्रश्न : गिअरबॉक्सला कुठलं तेल? दुकानदार ९० नंबर देतो. (जयसिंगपूर)

९० हा फक्त जाडीचा आकडा. डब्यावर जीएल-४ आहे की जीएल-५ ते वाचा. पितळी सिंक्रो रिंगच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्यांच्या) बॉक्सला जीएल-४. जीएल-५ क्राउन-पिनियनसाठी, त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं पितळाला बाधू शकतात आणि ते इतकं निसरडं असतं की रिंग पकडतच नाही, गिअर घासून पडतो. वर्ल्ड क्लास टी-५ ला मात्र गिअर ऑइल नकोच, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) घाला. त्याच्या रिंगला घर्षणाचं अस्तर असतं, जाड तेलात ते काम करत नाही.

प्रश्न : १९६८ची फियाट आहे, व्हिंटेज नोंदणी करायची आहे. पाच गिअर बसवले तर अडचण येईल का? (शाहूपुरी)

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अट अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये बदल धरून कुठलंही मोठं फेरकाम झालेलं नसावं. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे. अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते.

म्हणून आधी ठरवा, गाडी व्हिंटेज म्हणून ठेवायची की चालवायची. व्हिंटेज म्हणून ठेवायची असेल तर पाचव्या गिअरचा फायदाच घेता येणार नाही, मूळ बॉक्सच राहू द्या. चालवायची असेल तरी काम असं करा की सगळं परत मूळ होईल: गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा बोगदा कापायचा नाही, चासीवर वेल्डिंग नाही, क्रॉसमेंबर जुन्या भोकांवर. मूळ बॉक्स, दांडी आणि शाफ्ट तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपून ठेवा. इंजिनच बदलायचं असेल तर मात्र आधी आरटीओची परवानगी, कारण इंजिनाचा नंबर नोंदणीपुस्तकात असतो.

प्रश्न : पाच गिअर बसवल्यावर ७० ला गाडीच्या पोटात थरथर होते, पाचव्यातही आणि चौथ्यातही. स्पीडोमीटरही जास्त दाखवतो. (उचगाव)

दोन्ही गिअरमध्ये त्याच वेगाला थरथर, म्हणजे दोष शाफ्टकडे. प्रॉपेलर शाफ्टचा वेग चाकाला बांधलेला असतो, कुठला गिअर आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. आधी क्रॉसचे कोन. गिअरबॉक्सचा मागचा भाग आणि डिफरन्शियलचं तोंड यांचे कोन अँगल गेजनं मोजा, गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर नको. दोन्हींच्या रेषा समांतर हव्यात आणि प्रत्येक क्रॉसला १ ते ३ अंश कोन. अगदी शून्यही चालत नाही; क्रॉसच्या सुया एकाच जागी राहून खळगे पाडतात. माउंटखाली पाचर घालून कोन जुळवा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत वेल्ड झालेत का पाहा. शाफ्ट कापून आखूड करताना हे हमखास चुकतं. मग बॅलन्सिंग. स्लिप योक पूर्ण आत गेल्यावरही २० मिमी जागा उरली पाहिजे, नाहीतर खड्ड्यात तो बॉक्सच्या मागच्या बुशवर ठोके देतो.

स्पीडोमीटरसाठी केबल मीटरपासून सोडा, तिच्या टोकाला कागदाचा झेंडा लावा, गाडी बरोबर २० मीटर सरळ ढकला आणि झेंड्याच्या फेऱ्या पाव फेरीपर्यंत मोजा. ५० नं गुणलं की किलोमीटरला किती फेऱ्या ते कळतं. ब्रिटिश मीटरच्या डायलवर तळाशी बारीक आकडा छापलेला असतो, तो मैलाला अपेक्षित फेऱ्यांचा, १.६१ नं भागून तुलना करा. फरक असेल तर गिअरबॉक्सच्या बाजूचा स्पीडोमीटरचा छोटा प्लास्टिक गिअर बदला. दात वाढवले की मीटर कमी दाखवतो. एवढ्यानं जमत नसेल तर केबलच्या मधे बसणारी रेशोची डबी घ्या.